रेडिओ दीर्घिकांचे क्लस्टरिंग मोजताना: जोड्या मोजण्याआधीची कामे आणि नंतरची

गोव्यात जून ते सप्टेंबर रात्रीचे आकाश क्वचितच मोकळे सापडते, आणि कॉलेजांतले प्रकल्प नेमके याच दिवसांत ठरतात. त्यामुळे फोंडा, मडगाव, म्हापसा, ताळगाव इथल्या विज्ञान शाखेच्या ज्या मुलांना खगोलशास्त्रात काही करायचे असते, ती तयार सर्वेक्षणांच्या आकडेवारीकडे वळतात. रेडिओ दीर्घिका विश्वात कशा जथ्याने वसल्या आहेत आणि काळानुसार कशा बदलल्या, हा विषय त्यांत हमखास असतो. विषय उत्तम आहे. लॅपटॉप आणि बऱ्यापैकी इंटरनेट एवढ्यावर होतो, आणि हाताशी येणारा डेटा जगभरचे संशोधक वापरतात तोच असतो.

बिघडते ते क्रमात. यादी उतरवली की त्याच संध्याकाळी जोड्या मोजायला घेतल्या जातात, आलेख येतो, आणि त्यातला प्रत्येक चढउतार विश्वाचा समजला जातो. बहुतेक वेळा तो दुर्बिणीचा, मास्कचा (मोजणीतून झाकलेल्या आकाशाचा) किंवा चुकीच्या रँडम यादीचा (तुलनेसाठी आकाशात कसेही टाकलेल्या बिंदूंचा) असतो.

सुरुवातीलाच एक आकडा पक्का करा. आकाशात एकमेकांपासून एक अंशावर असलेल्या रेडिओ स्रोतांच्या जोड्या, निव्वळ योगायोगाने मिळाल्या असत्या त्यापेक्षा साधारण हजारात एक इतक्याच जास्त मिळतात. म्हणजे कोनीय सहसंबंध फलन, ज्याला आपण डब्ल्यू-थीटा म्हणतो, ते एका अंशावर ०.००१ च्या घरात असते. आता तुमच्या यादीत आकाशाच्या एका भागात स्रोत थोडे दाट, दुसऱ्या भागात थोडे विरळ, असा सरासरी ३ टक्क्यांचा फरक केवळ उपकरणामुळे आला आहे असे धरा. त्या फरकाचा वर्ग, म्हणजे ०.०३ गुणिले ०.०३, साधारण ०.०००९ होतो आणि तो थेट डब्ल्यूमध्ये मिसळतो. खोटा सिग्नल खऱ्याइतका मोठा झाला. म्हणून यातली निम्म्याहून जास्त मेहनत मोजणीच्या आधी करायची असते.

## १. प्रश्न ठरवा, मग सर्वेक्षण निवडा

दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत केली की प्रकल्प मध्येच अडकतो.

पहिला: रेडिओ स्रोत आकाशात किती जथ्याने आहेत? याला फक्त जागा आणि फ्लक्स, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणारे रेडिओ तेज, पुरतात. दुसरा: हे क्लस्टरिंग आणि दीर्घिकांची संख्या काळानुसार कशी बदलली? याला प्रत्येक स्रोताचा रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश लाल बाजूला किती सरकला ते; त्यावरून अंतर आणि काळ कळतो) लागतो, आणि तो रेडिओ यादीत नसतो. रेडिओ दीर्घिकेचे उत्सर्जन सिंक्रोट्रॉन प्रकारचे असते, त्याचा वर्णपट गुळगुळीत उताराचा. त्यात रेडशिफ्ट वाचता येईल अशी एकही रेषा नसते.

पहिल्या प्रश्नासाठी एनव्हीएसएस घ्या. अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीने १.४ गिगाहर्ट्झवर केलेले हे सर्वेक्षण उणे ४० अंश क्रांतीच्या (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनाच्या) उत्तरेचे सगळे आकाश व्यापते. बीम, म्हणजे दुर्बिणीला वेगळा दिसणारा सर्वांत लहान ठिपका, ४५ आर्कसेकंदांचा, स्रोत सुमारे १८ लाख. एवढे रुंद आणि एवढे तपासून झालेले दुसरे नाही, म्हणून शिकायला हेच बरे. फर्स्ट हे त्याच दुर्बिणीचे ५ आर्कसेकंदांचे सर्वेक्षण बारकावे जास्त दाखवते, पण आकाशाचा साधारण चौथा भागच व्यापते. युरोपातल्या लोफार दुर्बिणीच्या २०२२ सालच्या दुसऱ्या प्रकाशनात १४४ मेगाहर्ट्झवर सुमारे ४४ लाख स्रोत आहेत. ते मोहात पाडते, पण पहिल्या प्रकल्पाला फार बारीक जाते.

आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर केलेले टीजीएसएस सर्वेक्षण मुलांना जवळचे वाटते, आणि वाटावेच: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी टिपलेले, सहा लाखांवर स्रोतांचे. पण त्यात एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाताना फ्लक्सची पातळी हलते, आणि मोठ्या कोनांवर त्यामुळे खोटा सिग्नल येतो हे नोंदलेले आहे. छोट्या कोनांवर पडताळा घ्यायला ते वापरा, मुख्य मोजणीला नको.

सावधान: वेगवेगळ्या वारंवारतेच्या दोन याद्यांना एकच फ्लक्स मर्यादा लावू नका. वर्णपटाचा उतार साधारण उणे ०.७६ धरला तर १.४ गिगाहर्ट्झवरचा १० मिलीजान्स्कीचा (जान्स्की हे फ्लक्सचे एकक) स्रोत १५० मेगाहर्ट्झवर सुमारे ५५ मिलीजान्स्कीचा दिसतो.

## २. यादी उतरवा आणि एका ओळखीच्या स्रोतावर तपासा

यादी विझिएर या ऑनलाइन संग्रहावरून मिळते, उघडायला टॉपकॅट हा प्रोग्राम पुरतो. पुढची मोजणी पायथनमध्ये अ‍ॅस्ट्रोपाय, हीलपाय आणि ट्रीकॉर या पॅकेजांनी करा.

उतरवल्यावर लगेच करायचे काम एकच: थ्रीसी २८६ शोधा. हा स्रोत फ्लक्स मोजण्यासाठी मापदंड म्हणून जगभर वापरला जातो. त्याचे स्थान १३ तास ३१ मिनिटे ८ सेकंद, क्रांती अधिक ३० अंश ३० मिनिटे. अंशांत मांडले तर आरए (विषुवांश) २०२.७८ आणि डेक (क्रांती) ३०.५१. फ्लक्स १.४ गिगाहर्ट्झवर साधारण १५ जान्स्की. तुमच्या फाइलमध्ये आरएच्या रकान्यात १३.५२ दिसला तर तास अंशांत बदलायचे राहिले आहेत. फ्लक्स १५ च्या आसपास दिसला तर रकाना जान्स्कीत आहे, १५,००० च्या आसपास दिसला तर मिलीजान्स्कीत. १५ ने गुणायचे राहिल्यामुळे सगळे आकाश एका पट्टीत आकसलेले आलेख कॉलेजच्या अहवालांत छापले गेले आहेत. हा एक स्रोत तपासायला दोन मिनिटे लागतात.

एकात्मिक फ्लक्स आणि शिखर फ्लक्स असे दोन रकाने असतील तर एकात्मिक घ्या. पसरट लोब (दोन बाजूंना फुगलेले रेडिओ भाग) असलेल्या दीर्घिकांचे शिखर बुटके असते. शिखरावर चाळण लावली तर नेमक्या त्याच गळतात.

मूळ फाइलला पुन्हा हात लावू नका. प्रत्येक चाळणीनंतर नवी फाइल, नावात मर्यादा आणि तारीख. पावसात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. मधले टप्पे डिस्कवर नसतील तर रात्रभराची मोजणी पुन्हा करावी लागते.

## ३. फ्लक्सची मर्यादा ठरवा

इथे घाई सगळ्यांत महाग पडते. एनव्हीएसएसमध्ये अडीच मिलीजान्स्कीच्या आसपासचे स्रोतही आहेत, आणि जास्त स्रोत म्हणजे जास्त अचूक उत्तर असे वाटून मुले तेवढे सगळे घेतात.

तसे करून बघाच, म्हणजे डोळ्यांनी दिसेल. तीन मिलीजान्स्कीच्या वरचे सगळे स्रोत घ्या, क्रांतीच्या साइनचे समान पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यात प्रति चौरस अंश किती स्रोत आहेत त्याचा आलेख काढा. उणे १० अंशांपाशी पायरी दिसेल, अधिक ७८ अंशांपाशी दुसरी. त्या दोन रेषांच्या पलीकडे व्हीएलएच्या अँटेनांची मांडणी वेगळी होती. दक्षिणेकडचे आणि ध्रुवाजवळचे आकाश तिरके दिसते, म्हणून उत्तरेची भुजा लांब करून ते टिपले गेले. मंद स्रोत सापडण्याची शक्यता त्यामुळे बदलली. त्या पायरीत विश्वाचा काही संबंध नाही.

आता मर्यादा ५, मग १०, मग १५ मिलीजान्स्की करत तोच आलेख पुन्हा काढा. १० च्या आसपास पायरी विरून जाते. तिथे प्रति चौरस अंश साधारण १७ स्रोत उरतात. संख्या खूप घटली असे वाटेल, पण आकाशाचे दहा पट्टे केले तरी एकेका पट्ट्यात चाळीस हजारांवर स्रोत असतात आणि निव्वळ योगायोगाची चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. तीन टक्क्यांचा दोष असेल तर तो उघड दिसेल.

तपासा: पट्ट्यांमधला फरक १ टक्क्याच्या आसपास येईपर्यंत पुढे जाऊ नका. हा आलेख अहवालात घाला. वाचणारा जाणकार असेल तर तो आधी हाच शोधतो.

## ४. मास्क

तीन गोष्टी झाका. आपल्या आकाशगंगेचे प्रतल, कारण तिथे सुपरनोव्हांचे अवशेष आणि आयनित वायूचे ढग रेडिओ स्रोत म्हणून यादीत शिरलेले असतात. दोन्ही बाजूंना १० अंश झाकणे सुरक्षित. यात सिग्नस ए ही प्रसिद्ध रेडिओ दीर्घिकाही गळते, कारण ती प्रतलापासून ६ अंशांच्या आत आहे. गळू द्या.

दुसरे, फार तेजस्वी स्रोतांचा शेजार. काही जान्स्कीच्या स्रोताभोवती प्रतिमेत किरणांसारख्या खोट्या खुणा उमटतात आणि यादीत त्या मंद स्रोत म्हणून नोंदल्या जातात. त्यांच्याभोवती अर्ध्या ते एक अंशाचे वर्तुळ झाका. तिसरे, फोर्नॅक्स ए किंवा व्हर्गो ए यांसारख्या जवळच्या, आकाशात पसरलेल्या दीर्घिका. त्यांचे तुकडे वेगवेगळे स्रोत म्हणून नोंदलेले असतात.

हा मास्क हीलपिक्सच्या (आकाशाचे समान क्षेत्राचे तुकडे करणाऱ्या पद्धतीच्या) नकाशात साठवा. पुढे रँडम यादीला हाच, अगदी हाच मास्क लावायचा आहे. डेटाला एक आणि रँडमला जरा वेगळा मास्क लागला की मास्कच्या कडा क्लस्टरिंग म्हणून वर येतात.

## ५. एका दीर्घिकेचे दोन स्रोत

मिरामारच्या किनाऱ्यावरून रात्री समुद्रातले दिवे मोजून ट्रॉलर किती हे सांगायला गेलात तर पुढचा आणि मागचा दिवा दोन होड्या म्हणून धरले जातील, आणि होड्या नेहमी जोडीनेच फिरतात असा निष्कर्ष निघेल. रेडिओ यादीत नेमके हेच होते. रेडिओ दीर्घिकेच्या मधोमध कृष्णविवर असते, दोन बाजूंना जेट निघतात आणि टोकाला लोब फुगतात. दोन लोबांमधले अंतर बीमपेक्षा बरेच मोठे असेल तर यादीत दोन नोंदी होतात, कधी तीन.

किती कोनापर्यंत याची काळजी करायची? सात लाख पार्सेक लांबीची दीर्घिका महाकाय धरली जाते. रेडशिफ्ट १ वर ती साधारण ८५ आर्कसेकंदांची दिसते, ०.३ वर साधारण अडीच आर्कमिनिटांची. जवळच्या त्याहून मोठ्या. म्हणून ०.१ अंश, म्हणजे ६ आर्कमिनिटांच्या आत जोड्यांचा जो ढीग दिसतो तो बहुतांशी एकाच दीर्घिकेच्या तुकड्यांचा असतो. आलेखात तो सहज ओळखू येतो: लॉग-लॉगवर ०.१ अंशापलीकडे उतार साधारण उणे ०.८ असतो, आणि आत तो उणे ३ च्याही पुढे, एकदम कड्यासारखा जातो.

दोन मार्ग आहेत. ०.१ अंशाच्या आतला भाग सोडून द्या, किंवा दोन्ही उतार एकत्र बसवा. नवख्याने पहिला घ्यावा. ठरावीक अंतराच्या आतल्या सगळ्या जोड्या एक करून टाकण्याचा तिसरा मार्ग मी सुचवत नाही, कारण त्यात खरे शेजारीही एक होतात आणि किती झाले ते कळत नाही.

सावधान: आतला कडा पाहून 'छोट्या अंतरावर रेडिओ दीर्घिका प्रचंड जथ्याने आहेत' असे वाक्य अहवालात लिहू नका. हे वाक्य सर्वांत जास्त वेळा सापडते.

## ६. रँडम यादी

डेटाच्या दहा ते वीसपट रँडम बिंदू घ्या. आरए ० ते ३६० मध्ये समान वाटा. डेक मात्र समान वाटू नका, डेकचा साइन समान वाटा. डेकच समान वाटला तर ६० अंशांवर बिंदू विषुववृत्तापेक्षा दुप्पट दाट पडतात, कारण तिथे आकाशाचा पट्टा अर्ध्या क्षेत्राचा असतो. आलेख तरीही गुळगुळीत येतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. तिचा अंदाज तिसऱ्या टप्प्यातल्या पट्ट्यांच्या आलेखातच लागतो, तेव्हा रँडम यादीचाही तो काढा.

मग मास्क लावा. उरलेले रँडम आणि उरलेला डेटा दोन्ही एका नकाशावर टाकून नुसते बघा. भोके एकाच जागी आहेत ना?

तपासा: रँडम यादी दोन भागांत तोडा, एका भागाला डेटा समजा आणि सगळी मोजणी चालवा. डब्ल्यू शून्य यायला हवा, तुम्हाला मोजायच्या ०.००१ च्या बराच खाली. येत नसेल तर प्रोग्राम चुकतो आहे. खऱ्या डेटाला अजून हात लावू नका.

## ७. जोड्यांची मोजणी आणि चुकांचा अंदाज

लँडी आणि सले यांनी १९९३ साली दिलेले सूत्र वापरा: डेटा-डेटा जोड्या वजा दोन वेळा डेटा-रँडम जोड्या अधिक रँडम-रँडम जोड्या, सगळ्याला रँडम-रँडम जोड्यांनी भागायचे. प्रत्येक मोजणी आधी आपापल्या एकूण शक्य जोड्यांनी भागून घ्या. डेटा-डेटाला एन गुणिले एन-वजा-एक भागिले दोन, रँडम-रँडमला तसेच, आणि डेटा-रँडमला दोन्ही संख्यांचा साधा गुणाकार. दोनने भागायचे कुठे आणि कुठे नाही यात घोळ झाला की डब्ल्यू सगळीकडे ठरावीक पातळीवर चिकटतो. सपाट, शून्यापासून दूर रेघ दिसली की आधी इथे बघा.

साधे दुहेरी लूप लिहून हे होणार नाही. चाळीस लाख रँडम बिंदूंच्या जोड्या आठ लाख कोटी होतात. ट्रीकॉर झाडासारखी रचना करून हे काम आटोक्यात आणते. त्यात कोनाचे एकक स्पष्ट लिहा. अंश आणि रेडियन यांत ५७ पटींचा फरक आहे.

कोनाची कक्षा ०.१ ते साधारण १० अंश ठेवा. त्यापलीकडे आकाशाच्या एका अर्ध्यात स्रोत किंचित जास्त असण्याचा परिणाम शिरतो. आपल्या सूर्यमालेच्या गतीमुळे असा फरक असायलाच हवा, पण रेडिओ याद्यांत तो अपेक्षेपेक्षा मोठा येतो आणि का, यावर संशोधक अजून वाद घालत आहेत. पदवीच्या प्रकल्पाने त्यात पडू नये.

चुकांच्या दांड्या जोड्यांच्या संख्येच्या वर्गमुळावरून काढू नका. एकच स्रोत हजारो जोड्यांत असतो, जोड्या स्वतंत्र नसतात, आणि दांड्या हास्यास्पद वाटाव्यात इतक्या लहान येतात. आकाशाचे तीस-चाळीस तुकडे करा, दर वेळी एक तुकडा वगळून पूर्ण मोजणी करा, आणि उत्तरे किती हलतात ते बघा. तुकडा तुमच्या सर्वांत मोठ्या कोनापेक्षा मोठा हवा. शेजारच्या कोनांच्या चुका एकमेकींशी बांधलेल्या असतात, म्हणून सरळ रेघ बसवताना सहप्रचरण सारणी (कोव्हेरियन्स मॅट्रिक्स) वापरा.

तुमचे उत्तर एका अंशावर ०.००१ च्या आसपास आणि उतार उणे ०.८ च्या जवळ आला तर पहिला प्रश्न सुटला. दहापट मोठे आले तर तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

## ८. रेडशिफ्ट जोडणे

उत्क्रांतीकडे जायचे तर प्रकाशीय सर्वेक्षणाशी जुळवणी करावी लागते. नवख्यांनी हे स्वतः करण्याऐवजी बेस्ट आणि हेकमन यांची २०१२ सालची यादी घ्यावी असे माझे ठाम मत आहे. स्लोन सर्वेक्षणाच्या सातव्या प्रकाशनातल्या वर्णपटांना एनव्हीएसएस आणि फर्स्ट जोडून ती केली आहे, १८ हजारांवर रेडिओ स्रोत, मर्यादा ५ मिलीजान्स्की. लोब एकत्र केलेले आहेत, तारे घडवणाऱ्या दीर्घिका आणि कृष्णविवरावर चालणाऱ्या दीर्घिका वेगळ्या केल्या आहेत. दूरवर मात्र ती जात नाही.

स्वतः जुळवणी केलीच तर त्रिज्या विचार करून ठरवा. एनव्हीएसएसच्या बीमकडे पाहून १० आर्कसेकंद त्रिज्या घेतली जाते. समजा प्रकाशीय यादीत प्रति चौरस अंश ३०,००० वस्तू आहेत. तेवढ्या वर्तुळात निव्वळ योगायोगाने सरासरी ०.७ वस्तू पडते. म्हणजे साधारण निम्म्या रेडिओ स्रोतांना योगायोगानेच कुणी ना कुणी मिळणार. दोन आर्कसेकंदांवर तीच शक्यता ३ टक्क्यांवर येते, पण त्यासाठी फर्स्टसारखी अचूक स्थाने हवीत.

तपासा: सगळ्या रेडिओ स्थानांना काही आर्कमिनिटे बाजूला सरकवा आणि पुन्हा जुळवा. आता मिळालेली प्रत्येक जुळणी खोटी आहे. ती संख्या मूळ संख्येच्या शेजारी लिहा.

दुहेरी स्रोतांत खरी दीर्घिका दोन लोबांच्या मध्ये असते, लोबांच्या जागी नाही. अलादिन या आकाशचित्रे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये रेडिओचे समोच्च प्रकाशीय चित्रावर टाकून पन्नासेक स्रोत डोळ्यांनी बघा. दोन तेजस्वी ठिपक्यांच्या मधोमध एक लालसर, लंबगोल दीर्घिका निवांत बसलेली असते आणि आपोआप जुळवणीने लोबाखालचा भलताच निळा ठिपका उचललेला असतो. दहा-बारा वेळा हे पाहिले की यादीवर आंधळा विश्वास उरत नाही.

## ९. उत्क्रांती: फ्लक्सची चाळण आणि खरा बदल वेगळा करा

रेडशिफ्ट हाती आला की मुले ०.१ ची दीर्घिका आणि १ ची दीर्घिका शेजारी ठेवतात आणि 'पूर्वी दीर्घिका जास्त शक्तिशाली होत्या' असे लिहितात. गणित करून बघू. मर्यादा १० मिलीजान्स्की, वर्णपटाचा उतार उणे ०.८, हबल स्थिरांक ६७.४. रेडशिफ्ट ०.१ वर यादीत यायला २.७ × १०^२३ वॅट प्रति हर्ट्झ शक्ती पुरते. रेडशिफ्ट १ वर ४.८ × १०^२५ लागते, म्हणजे साधारण १८० पट. दूरच्या दुबळ्या दीर्घिका दिसतच नाहीत, म्हणून उरलेल्या शक्तिशाली वाटतात.

शक्ती काढताना के-सुधारणा (रेडशिफ्टमुळे सरकलेल्या वारंवारतेची दुरुस्ती) विसरू नका: फ्लक्स गुणिले चार पाय गुणिले दीप्ती-अंतराचा वर्ग, आणि त्याला एक अधिक रेडशिफ्टच्या उणे एक-अधिक-उतार या घाताने गुणा. उताराचे चिन्ह उलटे घेणे ही इथली नेहमीची चूक. वरचे दोन आकडे तुमच्या प्रोग्राममधून निघतात का ते बघा.

मग रेडशिफ्ट आणि शक्ती यांचा आलेख काढून त्यावर फ्लक्सची मर्यादा वक्ररेषेने दाखवा. त्या रेषेच्या वर एक चौकोन आखा, ज्याच्या कुठल्याही कोपऱ्यातली दीर्घिका यादीत आलीच असती. तुलना त्या चौकोनातच करा. चौकोन छोटा पडतो याचे वाईट वाटून घेऊ नका.

चौकोनाबाहेरच्या दीर्घिका वापरायच्या तर प्रत्येकीला ती जास्तीत जास्त किती घनफळात दिसली असती त्याच्या व्यस्ताने वजन द्या. त्या घनफळाला दोन मर्यादा असतात, रेडिओचीही आणि प्रकाशीयही. स्लोनच्या मुख्य दीर्घिका-नमुन्याची मर्यादा आर-पट्ट्यात १७.७७ प्रत (मॅग्निट्यूड) आहे. बहुतेक दीर्घिकांना हीच आधी आडवी येते, आणि प्रकल्पांत हीच सुटते. प्रत्येक दीर्घिकेचे घनफळ भागिले तिचे कमाल घनफळ, याची सरासरी काढा. संख्या बदलत नसेल तर ती ०.५ येते. तीनशे दीर्घिकांसाठी चूक साधारण ०.०१७. शक्तिशाली गटात, दूरवरचा डेटा असेल तर, सरासरी ०.५ च्या स्पष्ट वर जाते.

गट पाडा, हे सगळ्यांत महत्त्वाचे. कृष्णविवरावर थंड वायू भराभर पडत असलेल्या, तीव्र उत्सर्जन-रेषांच्या दीर्घिका रेडशिफ्टबरोबर झपाट्याने वाढतात. गरम वायूच्या मंद पुरवठ्यावर चालणाऱ्या, अंधुक रेषांच्या दीर्घिका फारशा बदलत नाहीत. आपल्या जवळच्या विश्वात साधारण १०^२६ वॅट प्रति हर्ट्झच्या खाली दुसऱ्यांचे राज्य आहे. दोघींची सरासरी काढली तर जी उत्क्रांती मिळते ती कुठल्याच दीर्घिकेची नसते. शिवाय फ्लक्स मर्यादा एक मिलीजान्स्कीच्या बरीच खाली नेली तर तारे घडवणाऱ्या साध्या दीर्घिकाच बहुसंख्य होतात आणि क्लस्टरिंग उतरते. ते लोकसंख्या बदलल्यामुळे उतरते.

## १०. क्लस्टरिंगपासून प्रभामंडळाच्या वस्तुमानापर्यंत

कोनीय डब्ल्यू वेगवेगळ्या रेडशिफ्टच्या गटांत थेट पडताळू नका. गट रेडशिफ्टमध्ये जितका रुंद, तितक्या एकामागे एक असलेल्या पण असंबद्ध जोड्या जास्त आणि डब्ल्यू तितका पातळ. लिंबरच्या समीकरणाने रेडशिफ्टचे वितरण हिशेबात घेऊन त्रिमितीय सहसंबंध-लांबी (ज्या अंतरावर जोड्या योगायोगाच्या दुप्पट होतात ते) काढा. वितरण कुठून घेतले ते लिहा, कारण उत्तर त्याच्यावर हलते. कोनाचे अंतर करताना रेडशिफ्ट १ वर एक अंश म्हणजे सहगामी (विश्वाचे प्रसरण वगळलेल्या) मापाने साधारण ५९ मेगापार्सेक, हा आकडा पडताळ्याला ठेवा.

मग बायस, म्हणजे दीर्घिका अदृश्य द्रव्यापेक्षा किती पट जास्त जथ्याने आहेत. इथे एक गैरसमज टाळा. रेडशिफ्ट १ वर द्रव्याचे चढउतार आजच्या ०.६१ पट होते. दीर्घिकांचे क्लस्टरिंग तेव्हा आणि आता सारखेच निघाले तर बायस तेव्हा १.६ पट जास्त होता असा त्याचा अर्थ होतो, 'काही बदलले नाही' असा नाही. म्हणून दोन काळांची तुलना बायसने न करता प्रभामंडळाच्या, म्हणजे दीर्घिकेभोवतीच्या अदृश्य द्रव्याच्या गोळ्याच्या, वस्तुमानाने करा. शक्तिशाली रेडिओ दीर्घिकांना ते साधारण १०^१३ सूर्यवस्तुमाने किंवा थोडे वर येते, म्हणजे दीर्घिकांच्या लहान-मोठ्या समूहांएवढे. तुमचे १०^११ किंवा १०^१५ आले तर आधी रेडशिफ्टचे वितरण, मग पाचवा टप्पा पुन्हा तपासा.

अहवालातल्या निकालाच्या ओळीत वारंवारता, फ्लक्स मर्यादा, मास्कनंतरचे क्षेत्रफळ, स्रोतांची संख्या, कोनाची कक्षा आणि वापरलेले विश्वरचनेचे स्थिरांक एकत्र द्या. छापील निबंधांतल्या सहसंबंध-लांबीशी तुलना करताना एकक नीट वाचा. बहुतेकांनी ती हबल स्थिरांकाचा शतांश भागाकारात ठेवून दिलेली असते. तशा मापाने १० मेगापार्सेक म्हणजे ६७.४ च्या हबल स्थिरांकाला साध्या मापाचे १४.८ मेगापार्सेक. एकाने १० लिहिले आणि तुमचे १४.८ आले, तर दोन्ही उत्तरे एकच आहेत.